ईएसपी३२: दर वेळी 'कॅलिब्रेशन डेटा लोड झाला नाही' ही वॉर्निंग, बागेतले १४ नोड

द्राक्षबाग (धागाकर्ता), ४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची द्राक्षाची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस म्हणजे डावणी या बुरशीजन्य रोगाची धास्ती. पान किती तास ओलं राहिलं यावर फवारणी ठरते, म्हणून मांडवाखाली १४ ठिकाणी पानाचा ओलावा, तापमान आणि हवेतली आर्द्रता मोजणारे नोड लावलेत. प्रत्येकात ईएसपी३२ या वाय-फायवाल्या चिपचा साधा डेव्हलपमेंट बोर्ड आणि २६०० मिलिअँपिअर-तासाचा एक १८६५० आकाराचा लिथियम सेल. मांडवाखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे सौर पॅनल नाही. नोड दर १५ मिनिटांनी जागा होतो, मोजतो, मोटारीच्या खोलीतल्या राऊटरला वाय-फायवरून आकडे देतो आणि परत झोपतो. कोड भाच्याने आयडीएफमध्ये, म्हणजे चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीच्या प्रोग्रॅमिंग संचात, लिहून दिला आहे.

अडचण अशी की सेल आठ दिवसांत संपतो. नोड लॅपटॉपला लावून पाहिला तर प्रत्येक वेळी जागा होताना ही ओळ येते. अक्षरं देवनागरीत उतरवून देतो:

फाय_इनिट: फेल्ड टू लोड आरएफ कॅलिब्रेशन डेटा, ०एक्स११०२, फॉलिंग बॅक टू फुल कॅलिब्रेशन

चौदाही नोडवर हेच. त्यातले तीन पहाटेच्या गारठ्यात स्वतःहून दोन-तीनदा रीस्टार्ट होतात आणि 'ब्राऊनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड', म्हणजे व्होल्टेज फार खाली गेला, असं दाखवतात. मला वाटतं हे कॅलिब्रेशनच बॅटरी खातंय. कुणाला असा अनुभव आहे का? हंगाम चालू आहे, त्यामुळे लवकर मदत मिळाली तर फार बरं होईल.

---

नवशिका, रात्री ९.३५

माझ्याकडेही ही ओळ येते. मी लॉगची पातळी 'फक्त एरर' अशी करून टाकली. आता दिसत नाही, बोर्ड व्यवस्थित चालतो.

---

शून्यएक्स, रात्री १०.०५

नवशिका, तुमच्या बोर्डावर ती ओळ नवं फर्मवेअर भरल्यावर एकदाच येत असेल तर काळजीचं कारण नव्हतंच, आणि दर वेळी येत असेल तर कारण अजून आत बसलेलं आहे, फक्त त्याने बोलायचं थांबवलंय. दादांच्या बाबतीत कृपया ती ओळ दडवू नका. तिच्यात एक आकडा आहे आणि सगळं त्या आकड्यात आहे.

दादा, आधी हे कॅलिब्रेशन म्हणजे काय ते थोडं सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. एकाच साच्यातल्या दोन चिपांचे रेडिओ तंतोतंत सारखे नसतात. सिग्नलच्या दोन शाखांमध्ये थोडा असमतोल असतो, वाहक लहर थोडी गळते, पाठवण्याची शक्ती कमी-जास्त भरते. म्हणून रेडिओ पहिल्यांदा सुरू होताना चिप स्वतःला तपासते आणि दुरुस्तीचे आकडे काढते. याला फुल कॅलिब्रेशन म्हणतात. ते आकडे, एकूण १९०४ बाइट, फ्लॅशमधल्या, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या, एनव्हीएस या नोंदी ठेवण्याच्या विभागात 'फाय' या नावाखाली साठवले जातात. पुढच्या वेळी ते वाचून थोडीच जुळवाजुळव करायची, याला पार्शल कॅलिब्रेशन म्हणतात. डीप स्लीपमधून, म्हणजे चिपच्या गाढ झोपेतून, उठताना तर साठवलेले आकडे जसेच्या तसे वापरले जातात, जुळवणी होतच नाही. तबला पहिल्यांदा स्वरात आणताना हातोडीने सगळं घर फिरून लावतो आणि मैफलीच्या मध्ये एखाद-दुसरा ठोका देतो, तितका या दोन कॅलिब्रेशनमध्ये फरक आहे.

आता तुमचा आकडा. ०एक्स११०२ म्हणजे 'एनव्हीएसमध्ये ही नोंद सापडली नाही'. बिघडली नाही, जुळली नाही असंही नाही. नाहीच. आणि ती मागच्या वेळी साठवली गेली असणार, कारण फुल कॅलिब्रेशन झाल्यावर आयडीएफ आपणहून साठवतो. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी ती पुसतंय.

तीन गोष्टी कळवा. पार्टिशन टेबलमध्ये, म्हणजे फ्लॅशच्या वाटणीच्या तक्त्यात, एनव्हीएस किती मोठा आहे? कोडच्या सुरुवातीला एनव्हीएस कसा सुरू केलाय, त्या चार-पाच ओळी. आणि ज्या तीन नोडांना ब्राऊनआउट येतो त्यांना वीज बोर्डाच्या कुठल्या पिनवरून दिली आहे?

---

मांडवीकाठ, रात्री १०.२०

इथे गोव्यात माझाही हाच प्रश्न आहे, म्हणून वेगळा धागा काढत नाही. सोसायटीच्या टाकीची पातळी दाखवणारा बोर्ड आहे, वीज कायमची. दर वेळी रीस्टार्ट केल्यावर तीच ओळ, पण आकडा ०एक्स च्या पुढे आठ एफ. एनव्हीएस मी कुठेच पुसत नाही, दोनदा तपासलं.

---

जुनारेडिओ, रात्री १०.४८

द्राक्षबाग, तुमच्या पार्टिशन टेबलमध्ये 'फाय_इनिट' नावाचा विभाग आहे का ते आधी बघा. नसेल तर तेच कारण. ईएसपी८२६६ या आधीच्या चिपच्या काळात आम्ही सगळे यात अडकलो होतो. पूर्ण फ्लॅश पुसली की सुरुवातीच्या रेडिओ आकड्यांची फाईल पुन्हा शेवटच्या सेक्टरांत भरावी लागायची, नाहीतर चिप सारखी रीस्टार्ट व्हायची. 'आरएफ_कॅल शून्य बरोबर नाही पाचला' अशा अर्थाची ओळ अजून डोळ्यांसमोर आहे.

---

शून्यएक्स, रात्री ११.१५

काका, ८२६६ बद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, आणि हा गोंधळ आजही टिकून राहण्याचं कारणही तेच आहे. ईएसपी३२ मध्ये मात्र त्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. 'फाय_इनिट' विभागात सुरुवातीचे ठराविक आकडे असतात, उदाहरणार्थ पाठवण्याच्या शक्तीची मर्यादा. तेसुद्धा आपण मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे आयडीएफच्या सेटिंगमध्ये, मुद्दाम तसं निवडलं तरच. एरवी ते फर्मवेअरच्या आतच येतात. कॅलिब्रेशनचे आकडे त्या विभागात कधीच जात नाहीत, ते एनव्हीएसमध्ये. तो विभाग नसला तरी ही वॉर्निंग येत नाही, आणि असला तरी टळत नाही.

मांडवीकाठ, तुमचा रोग वेगळा आहे. आठ एफ म्हणजे उणे एक, सरसकट 'अपयश'. आकडे सापडले, पण ते आपले नाहीत असं चिपला वाटलं, तेव्हा हा येतो. याची दोन मुख्य कारणं: साठवलेल्या आकड्यांची आवृत्ती आत्ताच्या रेडिओ लायब्ररीशी जुळत नाही, किंवा त्यांच्याबरोबर लिहिलेला मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक चिपचा वेगळा क्रमांक, या चिपचा नाही. मॅकचा घोळ असेल तर लॉगमध्ये तशी एररची ओळही दिसते. पण ही दोन्ही कारणं एकदा घडतात आणि मिटतात, कारण लगेच नवे आकडे लिहिले जातात. तुमच्याकडे दर वेळी येतंय म्हणजे दोन वेगळे प्रोग्रॅम एकाच वहीत आळीपाळीने लिहीत असावेत. बोर्डावर दोन फर्मवेअर आहेत का?

---

मांडवीकाठ, रात्री ११.३२

आहेत! फॅक्टरी विभागात बचावासाठी एक छोटं फर्मवेअर आहे. बोर्ड सुरू झाला की आधी तेच चालतं, वाय-फाय लावून नवं अपडेट आहे का बघतं, नसेल तर मुख्य फर्मवेअरकडे सोपवून रीस्टार्ट करतं. बचावाचं दोन वर्षांपूर्वी आयडीएफ ४ वर बांधलं होतं, मुख्य आता ५ वर आहे.

---

शून्यएक्स, रात्री ११.४०

मग सापडलं. वाय-फाय सुरू होताना 'फाय_व्हर्जन' अशी एक ओळ छापली जाते. दोन्ही फर्मवेअरच्या त्या ओळी शेजारी ठेवून बघा. बचाववालं स्वतःच्या आवृत्तीचे आकडे लिहितं, मुख्य येतं, त्याला ते परके वाटतात, पुन्हा फुल कॅलिब्रेशन करून आपले लिहितं. पुढच्या वेळी उलट.

दोन्ही एकाच आयडीएफवर बांधलीत तर थांबेल. पण मला विचाराल तर बचावाच्या फर्मवेअरने रोज वाय-फाय लावूच नये. मुख्य फर्मवेअरने अपडेट तपासावं, आणि ते लागोपाठ कोसळलं तरच बचावाने पुढे यावं. जे संकटासाठी आहे ते संकटातच चालवावं, म्हणजे त्यात नवं काही बिघडायला वाव राहत नाही.

---

प्रयोगशाळा_३०, ५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

ताई, मॅकच्या मुद्द्यावरून आमचा अनुभव. मी तंत्रनिकेतनात शिकवतो. ३० बोर्ड एकसारखे करायचे म्हणून एका बोर्डाची पूर्ण ४ एमबी फ्लॅश वाचून बाकी २९ वर तशीच लिहिली होती. २९ बोर्डांवर पहिल्याच वेळी मॅक न जुळल्याची एरर आणि आठ एफ, नंतर शांत. मुलं घाबरली होती, पण त्यातून एक मोठी चूक लक्षात आली: त्या प्रतीबरोबर माझ्या घरच्या वाय-फायचा पासवर्डसुद्धा २९ बोर्डांत गेला होता, कारण तोही एनव्हीएसमध्येच असतो. तेव्हापासून फक्त बूटलोडर, पार्टिशन टेबल आणि ॲप एवढंच लिहितो, एनव्हीएस कोरा सोडतो. कोऱ्या एनव्हीएसवर पहिल्या वेळी ११०२ येतोच आणि आला पाहिजे.

---

द्राक्षबाग, ५ नोव्हेंबर, दुपारी १.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. एनव्हीएस ०एक्स६००० म्हणजे २४ केबी आहे. कोडमध्ये सुरुवातीला 'एनव्हीएस_फ्लॅश_इरेज' (पुसा) आणि त्याच्या खाली 'एनव्हीएस_फ्लॅश_इनिट' (सुरू करा), दोन्ही सरळ. काही अट नाही. वीज सगळ्याच नोडांना सेलपासून बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर दिली आहे.

भाच्याला धागा पाठवला आहे.

---

तांबट, दुपारी २.०५

दादा, ५ व्होल्टच्या पिनवर १८६५०? त्या बोर्डावरचा रेग्युलेटर बघा, तीन पायांचा, वर १११७ लिहिलेलं असेल. संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर शक्य असेल तर नोड झोपलेला असताना सेलमधून किती करंट जातोय तेवढा मल्टीमीटरने मोजून ठेवा. मिलिअँपिअरच्या रेंजवर, लाल वायर योग्य खोबणीत.

---

भाचा_निफाड, दुपारी ४.३०

नमस्कार, तो भाचा मी. खास यासाठी सभासद झालो.

मामा, पुसण्याची ती ओळ मीच टाकली होती. कारण सांगतो. राऊटर बंद असला, म्हणजे भारनियमनात, की नोडला आकडे पाठवता येत नाहीत. म्हणून प्रत्येक मोजणी मी एनव्हीएसमध्ये नव्या नावाने ठेवत होतो: नोंद १, नोंद २, असं. दोनच दिवसांत ०एक्स११०५, म्हणजे 'जागा पुरेशी नाही', येऊन लिहिणं बंद पडलं. नेटवर शोधलं तेव्हा 'एनव्हीएस पुसा' असं उत्तर मिळालं, पुसलं, चाललं. मग ती ओळ तशीच राहिली. पाठवून झालेल्या नोंदी काढून टाकायच्या हे माझ्या लक्षातच आलं नाही.

---

शून्यएक्स, संध्याकाळी ६.१०

भाचेबुवा, तुम्ही स्वतः येऊन इतकं नेमकं सांगितलंत, त्यामुळे सगळा उलगडा झाला. हे वाचून मी थोडी चिंतेत पडले आहे, कारण इथे कॅलिब्रेशनपेक्षा मोलाचं काहीतरी पुसलं जातंय.

आधी ११०५ का आला ते. २४ केबी म्हणजे ६ पानं. एनव्हीएस एक पान कायम मोकळं ठेवतो. उरलेल्या ५ पानांत प्रत्येकी ३२ बाइटच्या १२६ जागा, म्हणजे ६३०. कॅलिब्रेशनलाच साधारण ६५ लागतात, वाय-फायची माहिती आणखी काही घेते. तुमची एक मोजणी ब्लॉब, म्हणजे बाइटांचा एक गठ्ठा, म्हणून ठेवली तर ती कितीही छोटी असो, ३ जागा खाते. म्हणजे १८० च्या आसपास मोजण्यांत विभाग भरतो. दिवसाला ९६ मोजण्या, दोन दिवसही पुरत नाहीत. तुमचा अनुभव हिशोबाशी बरोबर जुळतो.

आता मुख्य गोष्ट. तुमचा नोड झोपेतून उठला की प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. पहिली ओळ सगळं पुसते. म्हणजे राऊटर बंद असताना ज्या मोजण्या 'नंतर पाठवू' म्हणून ठेवल्या, त्या पुढच्या १५ मिनिटांत गेल्या. दादा, तुमच्या नोंदींत भारनियमनाच्या तासांत खिंडारं आहेत का ते कृपया आजच बघा.

आणखी एक हिशोब. फ्लॅशचा एक सेक्टर साधारण १,००,००० वेळा पुसता येतो असं धरतात. दिवसाला ९६ वेळा तेच सहा सेक्टर पुसले तर १०४१ दिवसांत, म्हणजे तीन वर्षांच्या आत, ती मर्यादा गाठली जाते. न पुसता एनव्हीएस स्वतः पानं आळीपाळीने वापरतो तेव्हा हा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

दुरुस्ती अशी: आधी फक्त इनिट करायचं. त्याने 'मोकळं पान नाही' किंवा 'नवी आवृत्ती सापडली' हे दोनच निकाल दिले तर पुसून पुन्हा इनिट करायचं. बाकी कुठल्याही निकालाला पुसायचं नाही, एरर छापून थांबायचं. मोजण्या एनव्हीएसमधून बाहेर काढा. चिपमध्ये ८ केबीची आरटीसी मेमरी असते, ती डीप स्लीपमध्ये टिकते. एक मोजणी १२ बाइटची धरली तर ३०० मोजण्यांना ३६०० बाइट, म्हणजे तीन दिवस आरामात. जुनी नोंद काढून नवी घालणारी गोल रांग करा. ही मेमरी वीज गेली किंवा ब्राऊनआउट झाला की मात्र जाते, म्हणून दर १६ मोजण्यांनी लिटलएफएस या फ्लॅशवरच्या फाईल सिस्टिममधल्या फाईलला जोडत चला.

---

द्राक्षबाग, रात्री ८.००

ताई, आत्ताच बघितलं. आमच्याकडे गेल्या आठवड्यात रात्री १ ते ५ वीज नव्हती. चौदाही नोडांवर त्या वेळेतलं काहीही नाही. मी समजत होतो की नोड बंद पडले होते. नेमक्या त्याच रात्री धुकं होतं आणि पानं किती तास ओली होती ते मला अंदाजाने धरावं लागलं. एक फवारणी मी बहुतेक त्या अंदाजावर जास्तीची घेतली. नोड मोजत होते आणि मग स्वतःच विसरत होते, हे आज कळलं.

झोपेतला करंट तांबटदादांनी सांगितल्याप्रमाणे मोजला. ११ मिलिअँपिअर.

---

तांबट, रात्री ९.४०

दादा, ११ मिलिअँपिअर हेच तुमचं बॅटरीचं उत्तर. कॅलिब्रेशनचा यात जवळजवळ वाटा नाही, आणि मी हे आकड्यांनी दाखवतो, कारण धाग्याचा मथळा वाचून बरेच जण चुकीच्या मागे लागतील.

फुल कॅलिब्रेशनला पार्शलपेक्षा १०० मिलिसेकंदांच्या आसपास जास्त लागतात. फ्लॅश पुसण्यालिहिण्याचा वेळ धरून ०.४ सेकंद म्हणू. तेव्हा करंट १०० मिलिअँपिअर धरू. ९६ वेळा. एकूण दिवसाला १ मिलिअँपिअर-तासापेक्षा किंचित जास्त.

झोपेतला ११ मिलिअँपिअर मात्र २४ तास चालतो: २६४ मिलिअँपिअर-तास. २६०० चा सेल दहा दिवसही पुरणार नाही, आणि तुमचा रेग्युलेटर सेल पूर्ण वापरूच देत नाही म्हणून आठ. चिप स्वतः डीप स्लीपमध्ये साधारण १० मायक्रोअँपिअर घेते. बाकीचं कोण घेतंय? १११७ रेग्युलेटर रिकामा बसला तरी ५ मिलिअँपिअर घेतो. लाल दिवा कायम जळतो. यूएसबीची चिप जागी असते.

आता ब्राऊनआउट. १११७ ला आत येणारा व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त हवा असतो. भरलेला सेल ४.२, म्हणजे बाहेर ३.१. सेल ३.७ वर आला की बाहेर २.६. मॉड्यूलला, म्हणजे बोर्डावरच्या ज्या छोट्या भागात चिप असते त्याला, किमान ३.० लागतात. वाय-फाय पाठवताना चिप क्षणभर २४० मिलिअँपिअरपर्यंत मागते, गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज खाली बसतो, आणि २.४३ च्या आसपास ब्राऊनआउट डिटेक्टर चिपला रीसेट करतो. तुमच्या तीन नोडांचे सेल बाकीच्यांपेक्षा जुने असणार. ११०२ च्या वॉर्निंगचं हे स्वतंत्र कारणही होऊ शकतं: कॅलिब्रेशन चालू असताना किंवा ते साठवण्याआधीच रीसेट झाला तर पुढच्या वेळी पुन्हा 'नोंद नाही'. त्यामुळे कोड दुरुस्त केल्यावरही या तिघांवर ओळ दिसत राहिली तर कोडला दोष देऊ नका.

काय करायचं: बोर्डावरचा रेग्युलेटर आणि दिवा काढा, किंवा बोर्ड सोडून नुसतं मॉड्यूल वापरा. रेग्युलेटर एपी२११२ चा ३.३ व्होल्टवाला लावा. तो ६०० मिलिअँपिअर देतो, पूर्ण भारावर पाव व्होल्टच्या आसपासच सोडतो आणि रिकामा असताना ५५ मायक्रोअँपिअर घेतो. मॉड्यूलच्या विजेच्या पायांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. सेलपासूनची वायर जाड आणि आखूड. २५० मिलिअँपिअरचे छोटे रेग्युलेटर बरेच जण सुचवतील, ते या चिपला काठावर पुरतात. काठावरचं काही बागेत लावू नये.

---

जुनारेडिओ, रात्री १०.१५

तांबट, फार छान मांडलंत. शून्यएक्स, फाय_इनिटबद्दल दुरुस्ती मान्य, मी माझ्या वहीत बदल केला. एक विचारतो: लॉगमध्ये 'चेकसम फेल्युअर, मोड ०' अशीही ओळ मी पाहिली आहे. ती यातच मोडते का?

---

शून्यएक्स, रात्री १०.४०

त्याच कुटुंबातली, काका. तिथे आकडे सापडतात, आवृत्ती आणि मॅकही जुळतात, पण रेडिओ लायब्ररीला आतला मजकूर पटत नाही. मग ती नवे आकडे काढते आणि साठवते. मोड ० म्हणजे पार्शल, १ म्हणजे कॅलिब्रेशनशिवाय, २ म्हणजे फुल. एकदा आली तर सोडून द्या. वारंवार आली तर लिहिताना वीज जाते का ते बघा. फक्त रेडिओचे आकडे काढून टाकायचे असतील तर त्यासाठी वेगळं फंक्शन आहे, 'ईएसपी_फाय_इरेज_कॅल_डेटा_इन_एनव्हीएस'. पूर्ण एनव्हीएस पुसायची गरज नसते.

मेन्यूकॉन्फिगमध्ये कॅलिब्रेशन साठवणं बंद करण्याचाही पर्याय आहे. तो बंद केला की वॉर्निंग जाते आणि दर वेळी फुल कॅलिब्रेशन होतं. कायम विजेवरच्या उपकरणाला ते चालेल. एस्प्रेसिफच्या दस्तऐवजातही बूटचा वेळ महत्त्वाचा नसेल तर फुलच वापरा असं सुचवलं आहे. पण दादांच्या नोडांवर तो बंद केला असता तर पुसण्याची ती ओळ कुणाला कधीच दिसली नसती.

---

नवशिका, ६ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

मी लॉगची पातळी परत वर आणली. माझ्याकडे ओळ फक्त कोड भरल्यावर येते. अर्डुइनो आयडीईमध्ये 'अपलोडआधी सगळी फ्लॅश पुसा' हा पर्याय चालू राहिला होता, तो बंद केला. आता एकदाही नाही. शून्यएक्स ताई, धन्यवाद.

---

मांडवीकाठ, ८ नोव्हेंबर, रात्री ९.००

बचावाच्या फर्मवेअरमधलं वाय-फाय काढलं, आता ते मुख्य फर्मवेअर तीनदा कोसळलं तरच लावतं. दोन दिवस झाले, एकही वॉर्निंग नाही. बोर्ड आधीपेक्षा लवकर जोडला जातो, कारण आधी दर वेळी वाय-फाय दोनदा लागत होतं.

---

भाचा_निफाड, ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.२०

कोड बदलला. पुसण्याला अट घातली, मोजण्या आरटीसी रांगेत, दर १६ नंतर फाईलला. मामांच्या सांगण्यावरून आणखी एक बदल: मोजणी दर १५ मिनिटांनीच, पण वाय-फाय तासातून एकदा. बाकी तीन वेळा रेडिओ सुरूच होत नाही. राऊटर नसेल तर नोड पुढच्या तासाला सगळ्या नोंदी वेळेसकट पाठवतो.

एका नोडवर जागं झाल्यापासून वाय-फाय सुरू होईपर्यंत आधी ९१० मिलिसेकंद लागत होते, आता ५१०.

शून्यएक्स ताई, एक शंका. फाईल लिहिताना वीज गेली तर?

---

शून्यएक्स, संध्याकाळी ६.००

लिटलएफएस अचानक वीज जाण्याचा विचार करूनच बनवलेली आहे. फाईल बंद होईपर्यंत जुनी स्थिती राहते. शेवटच्या १६ मोजण्या जातील, आधीच्या नाही. तेवढंही नको असेल तर सेलचा व्होल्टेज मोजा आणि तो ३.३ च्या खाली गेला की प्रत्येक मोजणीनंतर लिहा.

---

द्राक्षबाग, २९ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

मंडळी, तीन आठवडे थांबून लिहितोय, म्हणजे खात्रीने सांगता येईल.

तांबटदादांनी सांगितलेला रेग्युलेटर चौदाही नोडांना बसवला. सोल्डरिंग मी आणि भाच्याने दोन रविवार बसून केलं. झोपेतला करंट आता ७० मायक्रोअँपिअरच्या आसपास. सेल अजून एकदाही बदललेला नाही, सगळे ४ व्होल्टच्या वर आहेत. ब्राऊनआउट नाही. ११०२ ची ओळ नवा कोड भरला त्या दिवशी प्रत्येक नोडवर एकदा आली आणि परत आली नाही. फक्त नोड ११ वर दोनदा आली. तिथे सेलच्या धारकाची पट्टी सैल होती, ती घट्ट केली.

परवा रात्री २ ते साडेपाच वीज नव्हती आणि दाट धुकं होतं. सकाळी वीज आल्यावर सव्वासहाला नोड ७ चे आकडे एकदम येऊन पडले: पान १.४५ ला ओलं झालं, आणि शेवटच्या नोंदीपर्यंत, म्हणजे ६ पर्यंत, ओलंच होतं. वरच्या बांधाकडचे नोड २ आणि ३ मात्र साडेतीनपर्यंत कोरडे. त्यामुळे आज फक्त खालच्या अर्ध्या बागेत फवारणी घेतोय. ट्रॅक्टर सुरू केलाय, निघतो.